पहिल्या पानावरचं कुंकू

जळगाव,
माघ वद्य ५, शके १८५३

प्रिय अक्का,

ज्वारीच्या बिबड्यांचा हा डबा तिकडे निघालेल्या शेवंताबाईंनी तुझ्याच हातात दिला असेल, एवढीच देवाजवळ प्रार्थना. डबा अक्काच्या हाती द्यायचा, सासूबाईंच्या नाही आणि तुझ्या सासऱ्यांच्या, आबांच्या, तर मुळीच नाही, असं त्यांना मी इतक्यांदा बजावलं की शेवटी त्या हसायलाच लागल्या. म्हणाल्या, "बिबड्याच शेतस ना भाऊ, का सोनं शे?" मला मेलं हसूही आलं नाही. पत्र पोस्टात टाकायची हिंमत झाली नाही, म्हणून ते बिबड्यांच्या खाली गेलं आहे. आता एक कर. चुलीपाशी एकटी असशील तेव्हाच पुढचं वाच. कुणी हाक मारली तर पत्र पदराखाली घाल आणि बिबडी भाजायला घे.

पौषात तुझं कार्ड आलं होतं. "तुझ्यासारखी पहिल्या आवृत्तीची पुस्तकं मलाही जमवायची आहेत, सुरुवात कशी करू ते सविस्तर लिही," असं तू लिहिलं होतंस. आई गेल्यापासून तू पहिल्यांदाच काही मागितलंस, याचा मला केवढा आनंद झाला होता! कापसाच्या जिनातल्या कारकुनाला असा प्रश्न कोण विचारणार? इथे सगळे मला वेड्यातच काढतात. सुधारून वाढवलेली नवी आवृत्ती दुकानात मिळत असताना हा गडी जुनी, छापचुकांची, कोपरे झिजलेली प्रत हुडकत फिरतो, म्हणजे याचं लग्न लवकर करायला हवं, असं आमचे हेडक्लार्क म्हणतात. तुझ्या कार्डाचं उत्तर मी मनातल्या मनात कितीदा तरी लिहिलं. ते आज खरोखर लिहायला बसलो आहे, तेही दिवा बारीक करून. अक्षर वेडंवाकडं आलं तर समजून घे.

सुरुवात मला करून दिली ती भाईदास नानांनी. धुळ्याला मला शिकवायला होते ते, तुझ्या लग्नात अहेर म्हणून पुस्तक आणून सगळ्यांना हसवलं होतं ते. त्यांच्या घरी भांड्यांपेक्षा ट्रंका जास्त, आणि प्रत्येक ट्रंकेत पुस्तकांच्या मध्ये कडुनिंबाचा पाला. ते म्हणायचे, पुस्तक हातात आलं की गोष्टीकडे धावू नये. आधी पहिलं पान बघावं, मग त्याच्या पाठीमागचं, तिथे आवृत्ती आणि साल असतं. तिथे नसेल तर प्रस्तावनेखालची तारीख बघावी. मग शेवटचं शुद्धिपत्र. शुद्धिपत्र असलं म्हणजे जीव भांड्यात पडतो, कारण दुसऱ्या आवृत्तीत त्या चुका दुरुस्त झालेल्या असतात. मी एकदा विचारलं, नाना, एवढं काय आहे पहिल्या आवृत्तीत? तर म्हणाले, माणूस घरातून जसा बाहेर पडतो तसा पहिल्या आवृत्तीत भेटतो, दुसरीत लोकांनी त्याला टोपी नीट करायला लावलेली असते. तेव्हापासून मी त्या नादाला लागलो तो लागलोच.

तेव्हा अक्का, तू पहिल्याने तुला जे वाचायला आवडतं तेच जमव. मोठ्या नावांच्या मागे लागू नको. भडगावच्या बाजारात वाण्याकडे रद्दी येते, ती पुड्या बांधायच्या आधी चाळून बघ. कुणाच्या घरी कपाटं आवरायला काढली की भांडी घासू लागायला जा आणि पुस्तकं मागून घे. आधीच्या धन्याचं नाव कधी खोडू नको. पान फाटलं असेल तर खळीचा पातळ हात लाव, जाड नको. आणि पहिल्या पानावर काही लिहू नको, शिक्का मारू नको, ते पान सोवळ्यातलं समज.

हे शेवटचं वाचून तू हसली असशील. आपल्या घरात ते पान सोवळ्यात कधी राहिलं? दसऱ्याला सरस्वतीची पूजा झाली की वर्षभरात आलेलं प्रत्येक नवं पुस्तक आई मांडीवर घ्यायची, पहिलं पान उघडायची आणि वरच्या कोऱ्या जागेत ओल्या कुंकवाचं बोट टेकवायची. तिच्या त्या बोटावर विळ्याची जुनी खूण होती, त्यामुळे प्रत्येक टिळ्यातून एक तिरपी पांढरी रेघ जायची. मी केवढा चिडायचो! डाग पडतो, पुस्तकाचं मोल जातं, हे तिला कितीदा सांगितलं. ती म्हणायची, "कोरं पुस्तक घरमा ठेवतस का भाऊ? सरस्वतीनं कपाळ शे ते." बाबा गेल्यापासून तिचं स्वतःचं कपाळ उघडंच होतं. ते कुंकू ती पुस्तकांना लावते आहे, एवढं माझ्या डोक्यात कधी आलं नाही. नानांना मी एकदा तक्रार केली, तर नाना मलाच म्हणाले, गाढवा, असा संग्रह दुसऱ्या कुणाकडे आहे का?

गेल्या दसऱ्याला घरात नवं पुस्तक एकच आलं होतं. निळ्या पुठ्ठ्याचं. नाव लिहीत नाही, तुला कळलं. आईला तेव्हा बसवत नव्हतं, मी तिच्या पाठीला उशी लावली आणि तिने त्याला कुंकू लावलं. तिने लावलेलं ते शेवटचं. दिवाळीला तू आलीस, माझ्याकडची त्याचीच दुसरी आवृत्ती वाचलीस आणि पुस्तक पाटावर आपटून म्हणालीस, हा शेवट खोटा आहे, शेतसारा न भरणारी माणसं अशी एका रात्रीत मामलेदाराच्या पाया पडत नसतात. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! छपाई न बघता, साल न बघता, नुसत्या अकलेने तू ओळखलंस की टोपी नीट केलेली आहे. पुस्तक उसनं देऊ नये, हा नानांचा नियम. पण मी निळी प्रत काढून तुझ्या पिशवीत घातली, की खरा शेवट वाच. कपाटातल्या त्या जागी लाकडाची एक पट्टी उभी करून ठेवली. पुस्तक बाहेर गेलं की आम्ही तसं करतो, म्हणजे त्याची जागा कुणी घेत नाही.

आता भीतीचं सांगतो. ती पहिली आवृत्ती सरकारजमा झाली आहे. दुसरी दुकानात मांडून विकतात, पण पहिली ज्याच्या घरात सापडेल त्याला धरतात. मागच्या आठवड्यात धुळ्याला भाईदास नानांना नेलं. ट्रंका अंगणात उपड्या केल्या म्हणे, कडुनिंबाचा पाला सगळ्या गल्लीभर उडाला. नाना कुठे आहेत ते अजून कळलं नाही. त्यांच्याकडे जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या घरी फिरत फिरत परवा दुपारी फौजदार माझ्या खोलीवर आले.

मला तू लहानपणापासून भागूबाई म्हणतेस, ते खोटं नाही. माझी पाचावर धारण बसली. फौजदार आवाज चढवून बोलले असते तर बरं झालं असतं, पण ते अगदी हळू, सोयऱ्यासारखं बोलत होते. त्यांनी कपाटातली दुसरी आवृत्ती काढली, बघितली, ठेवून दिली. मग त्या पट्टीवर बोट ठेवून म्हणाले, ही कशाची जागा? मी म्हटलं, वारा खेळायला ठेवली आहे, बुरशी येते. माघात बुरशी! मग त्यांनी एकेक पुस्तक काढून पहिलं पान उघडून जमिनीवर मांडायला सुरुवात केली. थोड्या वेळात खोलीभर आईची बोटं झाली, अक्का. पाय ठेवायला जागा उरली नाही, सगळीकडे तो लाल टिळा आणि त्यातली ती तिरपी रेघ.

हे काय म्हणून त्यांनी विचारलं. दारात घरमालकीण प्रमिलाबाई होत्या. त्या मोठ्या कौतुकाने म्हणाल्या, "साहेब, त्यासनी माय दर दसराले नवा पुस्तकेसले कुकू लावे. एक बी कोरं नही." बिचारीला वाटलं, देवाधर्माचं घर म्हटल्यावर साहेब सोडून देतील. मी तिच्यावर रागावू तरी कसा? फौजदारांनी एक पुस्तक उजेडाला धरलं आणि त्या रेघेवरून नख फिरवलं. म्हणाले, चांगलं आहे, नाव लिहायचीही गरज नाही. आणि हवालदाराला सांगून सगळी पुस्तकं पोत्यात भरली. पोती ठाण्यावर गेली. नाना म्हणाले होते की असा संग्रह दुसऱ्या कुणाकडे नाही, त्याचा अर्थ मला तेव्हा कळला. ती निळी प्रत आता कुठेही सापडली तरी ती कुणाच्या घरची हे सांगायला साक्षीदार लागणार नाही. आईचं बोटच सांगेल.

जाता जाता त्यांनी विचारलं, बहीण कुठे दिली? मी सांगितलं. खोटं सांगून काय उपयोग होता, शेजाऱ्यांना सगळ्यांना ठाऊक आहे. भडगावजवळ, हिलाल पाटलांकडे, असं म्हटल्यावर ते हसले. "म्हणजे आमचेच पोलीस पाटील! पुढच्या फेरीत तिकडेच मुक्काम आहे," म्हणाले. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. समोरच्या विडीच्या दुकानावर एक माणूस दिवसभर बसून असतो आणि विडी मात्र ओढत नाही. जळगाव सोडायचं नाही अशी मला ताकीद आहे, नाहीतर मी पाचोऱ्यापर्यंत गाडीने आणि पुढे पायी, कसाही आलो असतो. डोळ्यांपुढे सारखं एकच येतं. तुमच्या ओसरीवर फौजदार जेवायला बसले आहेत, तू वाढते आहेस, आबा मान खाली घालून बसले आहेत आणि कुणीतरी आतून ते पुस्तक आणतं आहे. आबांची पाटीलकी जाईल. तुझ्या सुकदेवरावांना धरतील, कारण घर पुरुषाच्या नावावर असतं. आणि तुला त्या घरात जन्मभर ऐकावं लागेल की माहेरून हिने काय आणलं. मला तुरुंगाची भीती वाटते, खोटं कशाला बोलू, खूप वाटते. पण ती भीती या भीतीपुढे काहीच नाही.

ते पुस्तक तू कुठे ठेवलं आहेस मला माहीत नाही. ज्वारीच्या कणगीत असेल तर ते लोक कणगी उपसतात. पुरलंस तर कुणीतरी बघेल. गिरणा नदीत टाकावं तर माघात तिला पाणी किती, आणि कागद बुडतही नाही. सुकदेवरावांना सांगावंस असं मला एकदा वाटलं, पण ते सरळ माणूस, चेहऱ्यावर सगळं दिसतं त्यांच्या. तेव्हा त्यांना काही न सांगणंच त्यांच्या हिताचं आहे. मी सगळ्या वाटा बघितल्या, अक्का, एकच उरते.

ते जाळ. हे पत्र वाचून होताच, चूल पेटती असतानाच. पुठ्ठा ओला करून आधी सोलून काढ आणि शेणात कालवून टाक, नाहीतर निळा धूर होऊन वास सुटेल, आणि पानं चार-चार करून घाल, एकदम घातलीस तर मधली राहतात. खरा शेवट तू वाचला आहेस, तो तुझ्या डोक्यातून कुणी जप्त करू शकत नाही. त्याच्यामागून हे पत्र घाल. फक्त त्याआधी कात्री घे आणि पहिल्या पानावरचा तेवढा कुंकवाचा टिळा गोल कापून काढ. अक्षर एकही येऊ देऊ नको, नुसता टिळा. पुस्तकाला कात्री लावायला मी कुणाला सांगेन असं मला कधी वाटलं नव्हतं. पण बाकीची सगळी बोटं ठाण्यावर पोत्यात पडली आहेत, ती परत मिळतील असं वाटत नाही, आणि आईचा फोटो तर आपण कधी काढलाच नाही. तो तुकडा तुझ्या करंड्यात कुंकवाखाली ठेव, तिथे तो कुणाला दिसायचा नाही. सुरुवात कशी करू म्हणून विचारलं होतंस ना? त्याच्यापासून कर.

तुझाच भित्रा भाऊ,
अभिमन