आई केक शिकायला गेली होती तेव्हा

लाडक्या आणि सध्या फ्लोरिडाच्या उन्हात वाळत पडलेल्या लुसीलआत्यास, मेन राज्यातल्या बर्फातून ओडीलचा वाकून नमस्कार.

तब्येत कशी आहे? शेजारीण अजून तुझं वर्तमानपत्र तुझ्याआधी वाचते का? इकडे सगळं ठीक. तुझ्या धाकट्या भावाचा पाय घसरला नाही आणि माझ्या आईचा पारा चढला नाही, असा दिवस अजून उगवायचाय.

पत्राला उशीर झाला त्याला कारण मेडिकलचा अर्ज. हल्ली नुसत्या मार्कांवर भागत नाही. तुमच्या आयुष्यातल्या खडतर काळाबद्दल लिहा, असंही विचारतात. मी आठवडाभर डोकं खाजवलं, तर बाबा म्हणाले, "एवढा विचार कसला करतेस? आपलं घर जळलं ना!" आता ते जळलं हे खरंच. भर डिसेंबरात धुराडं पेटलं, आणि बाबांनी जिवावर उदार होऊन धुरातून काय बाहेर काढलं, तर टीव्हीचा अँटेना. (टीव्ही आतच राहिला.) मग तू आम्हा तिघांना तुझ्या बोलिंगच्या हॉलमागे, भाड्याचे बूट ठेवायच्या खोलीत आणून ठेवलंस, ते पुढची बटाट्यांची काढणी होईपर्यंत. मी तेव्हा नऊ वर्षांची.

झालं, मी लिहायला बसले आणि तिथंच घोटाळा झाला. खडतर म्हणून जे जे आठवावं ते ते गोडच निघायला लागलं. पलीकडे जड चेंडूंनी धडाधड पडणाऱ्या लाकडी पिना आणि त्या आवाजात लागणारी गाढ झोप. (नव्या घरात गेल्यावर शांततेनं मला आठवडाभर झोप आली नव्हती.) बुटांच्या कातड्याचा आणि तळलेल्या बटाट्यांचा तो एकमेकांत मुरलेला वास. आठव्या लेनवर पालथं पडून केलेला गृहपाठ, आणि गुळगुळीत लाकडावरून हळूच निसटून जाणारी पेन्सिल. सकाळी तू काढलेले कुट्टूच्या पिठाचे घावन, त्यावर लोणी आणि मेपलचा पाक. आख्खा वर्ग माझ्यावर जळायचा गं! एका पोरानं तर आपलंही घर जळावं म्हणून चर्चमध्ये प्रार्थना केली होती. मी हे सगळं मनापासून लिहिलं. कॉलेजातल्या सल्लागार ट्रेफ्रीबाईंनी ते वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "छान आहे, पण यात दुःख कुठंय? मलाच तिथं राहायला जावंसं वाटतंय."

घरी येऊन सांगितलं, तर बाबा मदतीला धावले. "लिही, थंडीनं बोटं काळीनिळी पडली."

"पडली नव्हती, बाबा."

"पडली असती!"

आई इतका वेळ सिंकपाशी पाठ करून उभी होती. तिला हा विषयच नको होता. (बुटांच्या खोलीत राहिलो हे परक्यांना कशाला सांगायचं, हे तिचं पहिल्यापासूनचं मत.) मी म्हटलं, "आई, मला काही वाईट आठवतच नाही, मी काय करू?" तशी ती वळली. हात ओलेच. म्हणाली, "तुला आठवू नये म्हणूनच तर मी आणि लुसील मरत होतो."

आत्या, त्या दुपारी मला कळलं की आई त्या फेब्रुवारीत केक शिकायला गेलीच नव्हती. तू मला हेच सांगितलं होतंस ना, की ती बँगोरला केक शिकायला गेलीय? आणि महिन्यानं परत आली ती वाळलेली, दमलेली आणि केकमधलं ओ की ठो न येणारी. मी इतकी वर्षं मनात धरून होते, की एवढा महिना घालवून बाईनं साधा स्पंज शिकू नये! ती तिथल्या इस्पितळात होती, तिला न्यूमोनिया झाला होता, दोन्ही फुप्फुसं भरली होती, हे मला बाविसाव्या वर्षी कळतंय. बोलिंगला येणाऱ्या डॉक्टर पेल्तिएंनी बूट बदलता बदलता तिचा खोकला ऐकला, गाडीतून स्टेथोस्कोप आणला आणि काउंटरवरच तिला तपासलं. आई म्हणे, "आधी गिऱ्हाइकाचे बूट देऊ दे," आणि तू म्हणे तिच्या हातातले बूट काढून भिंतीवर फेकलेस. शिवाय आईनं अंगावरच्या कोटाचंही सांगितलं. तो चर्चमधल्या एका बाईंनी दिलेला. दर रविवारी त्या बाई सगळ्यांसमोर म्हणायच्या, "कोट टिकलाय हं छान!" आणि आई हसायची. हे सांगताना मात्र ती रडली. न्यूमोनियाचं सांगताना नाही.

मग मी तेच लिहिलं. की माझा खडतर काळ मला बघूच दिला गेला नाही, दोन बायकांनी तो आपसात वाटून घेतला. आणि आता मला डॉक्टर पेल्तिएंच्या बाजूला उभं राहायचंय, बूट बदलता बदलता खोकला ऐकू येणाऱ्यांच्या. आईनं वाचलं. मग म्हणाली, "कोटवालीचं नाव खोडून टाक. ती जिवंत आहे अजून."

मुलाखतीत एका पांढऱ्या केसांच्या डॉक्टरीणबाईंनी एकच विचारलं, "मग तुमच्या आईला केक येतो का आता?" मी म्हटलं, "नाही." त्या इतक्या हसल्या की मला वाटलं, गेला प्रवेश.

बाबांचा नमस्कार. आईचा आहेच.

तुझी,
ओडील

ता.क. प्रवेश मिळाला. ऑगस्टमध्ये जाते.

ता.क. २. म्हणजे माझी खोली रिकामी होणार. गेल्या फोनवर तू तीनदा म्हणालीस की गुडघा उत्तम आहे. आत्या, गुडघ्याबद्दल कुणी विचारलं नव्हतं. आईनं खोलीला पिवळा रंग दिलाय. तिला तोंडानं बोलवणं जमणार नाही, तुला ती ठाऊक आहे. तेव्हा मीच लिहिते: ये. कायमची ये.

ता.क. ३. विचार करून कळव असं लिहिणार होते, पण बाबा काल सकाळीच ट्रक घेऊन तुझ्याकडे निघालेत. हे पत्र आधी पोहोचलं, तर भांडी बांधायला घे.