बाहेरची कडी

बा, परवा बोरगाव मेघेच्या माझ्या घराला नवं दार बसवलं. सुताराने विचारलं, बाहेरची कडी कुठे लावू, तर मी त्याला चहा प्यायला पाठवून दिलं. तू जाऊन इतकी वर्षं झाली, मीही आता निवृत्त झाले, पण दार अजून कडीवाचूनच आहे.

विहिरीच्या पाण्यावरून गावाशी भांडण पेटलं आणि त्या दुपारी आपली बौद्धांची वस्ती जाळली, तेव्हा कोणीतरी आधी आपल्या दाराची कडी बाहेरून घातली होती. तू लोखंडी सबलीने मागची भिंत फोडून आईला आणि मला बाहेर काढलंस. मग दोन वर्षं पिपरी मेघेत, मामाच्या टिनाच्या खोलीत. एक दिवस साहेब लोक जीपमधून आले, म्हणाले, गाव आता शांत आहे, चला परत. मामा नको म्हणत होता. तू म्हणालास, "माह्यं घर हाय थे. पाहुन्यासारखं किती दिस राहाव?" सरकारने भिंती नव्या बांधून दिल्या होत्या, दारही नवं. पहिल्याच सकाळी तू पक्कड घेऊन बाहेरची कडी उपटून काढलीस. आई म्हणाली, "बाहेरून कडीच नाई तं मंग कामाले जाव कसं?" तू म्हणालास, "पोरगी राहीन ना घरी." झालं, माझी शाळा कडीपायी अर्धी बुडाली. तुझा फार राग यायचा मला.

सातवीच्या परीक्षेच्या दिवशी तुम्ही दोघं वावरात गेलात. मी कडीच्या रिकाम्या भोकांतून तार ओवली, बाहेरून पीळ दिला आणि समुद्रपूरला पळाले. परतताना वर्गातल्या, कुणब्यांच्या दोघी सोबत होत्या. त्यांच्या आयांनी त्याच वर्षी त्यांना माझ्याबरोबर चालू दिलं होतं. घरामागच्या बोरीच्या झाडाजवळ आलो आणि पाहते तर तू नवी भिंत फोडतो आहेस. शेजारची काकू, कुणब्याची, तुला सांगते आहे, "भाऊ, अंदर कोनी नाई. काऊन भिंत फोडून राह्यला? थे तार तं सोडून पाय." तुला ऐकूच येत नाही.

"तुहा बा काय करून राह्यला?" एकीने विचारलं. मी म्हटलं, "खिडकी पाडून राह्यला."

पुढे त्या भोकाला तू खरंच खिडकी बसवलीस. मी कधी परतले हे तू विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही. हे पत्र पाठवायचं तरी कुठे; तू वाचणार नाहीस, म्हणूनच आज लिहिते. भिंतीला भोक पडलं तेव्हा तू आत डोकं घालून मला हाका मारत होतास. बा, मी मागे बोरीखालीच उभी होते, त्या दोघींच्या मधे. मी ओ दिली नाही.