जोडलेल्या पायांचा स्क्वॉट

७ जानेवारी, मंगळवार. सकाळी ६.
फेब्रुवारीत अकोल्याला पंचेचाळिशीपुढच्यांची पॉवरलिफ्टिंग स्पर्धा. अमरावतीच्या आमच्या व्यायामशाळेतून माझ्या वजनगटात एकच माणूस जाणार. मीच. ट्रेनर योगेशनं अजून तसं सांगितलेलं नाही. त्याच गटात शाकीब आहे, म्हणून भिडेखातर थांबला असावा.
शाकीब मूळ वरूडचा, इथं संत्र्यांचा व्यापारी. माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच लांब पायांचा. स्क्वॉटला खांद्यावर वजनाचा बार घेऊन पार खाली बसतो आणि हसत वर येतो. हसायची गरज नसते.

९ जानेवारी.
माझा स्क्वॉट अर्ध्यात थांबतो. त्याखाली गेलो की टाचा उचलल्या जातात, तोल मागे जातो. कारण उघड आहे. मांड्या लांब. शाकीबच्याही लांब आहेत, पण त्या वेगळ्या असाव्यात.
हर्षा म्हणाली, मग त्यांनाच विचारा की. सख्ख्या बायकोनं असं म्हणावं. चहा तसाच ठेवला. नंतर प्यालो.

१४ जानेवारी. संक्रांत.
सगळ्यांना तिळगूळ वाटला. शाकीबला लहान लाडू दिला. त्यानं न विचारता सल्ला दिला. पाय फाकवा, बोटं बाहेर वळवा, गुडघे बोटांच्या दिशेनं जाऊ द्या. कंबर मागे न्या, छाती पुढे झुकू द्या. लांब पायवाल्याला उभ्या पाठीनं खाली जाताच येत नाही, म्हणे.
मी म्हटलं, बार ठेवायच्या रॅकसमोर मारुतीरायाचा फोटो आहे. देवापुढे पाय फाकवून उभं राहू? गावच्या शाळेत गुरुजींनी शिकवलं, देवापुढे पाय जोडून, ताठ.
तो म्हणाला, "भाऊ, नमस्कार आधी करून घ्या, मंग बार घ्या. दोन्ही एकाच टायमाले कावून करून राहिले?"
सगळे हसले. मला गोडीगुलाबीनं बिघडवायचा डाव आहे हा.

१८ जानेवारी, शनिवार.
मारुतीला तेल वाहिलं. शाकीबचं वाईट मागितलं नाही. निवडीपुरती त्याची कंबर धरावी, इतकंच.

२१ जानेवारी.
शाकीबची कंबर उत्तम. वजन वाढवलं त्यानं. सगळ्यांना घरची संत्री वाटली. गोड होती. मी फार खाल्ली नाहीत.

२६ जानेवारी, रविवार.
निवड. शाकीब खाली गेला, वर आला. मग मी. पाय जोडलेले, पाठ ताठ, नजर मारुतीवर. योगेश म्हणत होता, अजून खाली, काका, अजून. मागे पडलो. बार रॅकच्या दांड्यांनी धरला. मला शाकीबनं. लोकांनी पाहावं म्हणून.
शाकीब जाणार. योगेश तरुण आहे, चुका व्हायच्याच.

९ फेब्रुवारी, रविवार. अकोला.
योगेशनं मदतीला बोलावलं म्हणून आलो. शाकीबच्या शेवटच्या स्क्वॉटला पंचांचे तिन्ही दिवे पांढरे, म्हणजे स्क्वॉट मान्य. पहिली टाळी माझी कशी वाजली, कळलं नाही. लगेच थांबवली.
खुर्चीत येऊन बसला तेव्हा त्याच्या मांड्या थरथरत होत्या, वाकता येत नव्हतं. म्हणाला, भाऊ, तेवढी बुटाची गाठ सोडता का. चारचौघांत नाही कसं म्हणणार? त्याच्या पायाशी बसलो. गाठ घट्ट होती. पाय फाकवले, पुढे झुकलो.
मागून योगेश म्हणाला, "काका, हलू नका. टाचा जमिनीवर, पार खाली. हाच स्क्वॉट तर महिनाभर मांगून राहिलो मी तुमाले."
शाकीबनं दुसरा बूट पुढे केला.