अंकुशचे टमाटे

कार्तिक शुद्ध ४, शके १८५७

उशीर झाला, राग धरू नकोस वही. नागपंचमीनंतर आज हाती घेतली. शाई वाळली होती, पाणी घालून पातळ केली. अक्षर फिकं उमटतंय.

अंकुशचे टमाटे माझ्या डोक्याच्या वर गेले. पंचमीला पोरगा घरी आला, तेव्हा त्यानं बी आणलं — हैदराबादेत ज्या नवाबाच्या बंगल्यात तो माळी आहे, तिथलं. म्हणाला, हे वेलासारखं चढतं. काठीचा आधार द्या, बगलेतले फुटवे काढत जा, एकच दांडा वर जाऊ द्या. येळवशीला, मार्गशीर्षातल्या अवसेला, येतो, तोवर लाल होतील. दोन दिवस राहिला आणि गेला.

परवा भाऊबीजेला सुनेचा भाऊ अण्णाराव आला होता. जाताना दारात थांबला. "मामा, तीन वर्सं झाली. अंकुशराव पाव्हण्यासारखा येतो न् जातो. येळवशीपस्तोर बघतो. न्हाई आला तर गीताला माहेरी नेतो. परत आणून सोडणार न्हाई."

खोटं काय बोलला? येळवशीला सगळा गाव शेतात जेवतो, परमुलखातलं पोरगंसुद्धा त्या दिवशी घर गाठतं. बायको गेल्यापासून घरात मी आणि गीता, दोघंच. तीही गेली तर मग घर कशाला म्हणायचं.

वेल जगले तर तो येईल, असं मनानं धरलंय. वेडेपणा आहे. पण धरलंय.

कार्तिक शुद्ध ९

सुतळी संपली. जुनं धोतर फाडून वेल बांधले. घट्ट बांधलं तर दांडा चिरतो, सैल बांधलं तर लोंबतो. विहिरीवरून घागरी आणून गुडघे धरले. पिराप्पा धनगर मेंढ्या घेऊन चालला होता. उभा राहिला, हसला. म्हणे, अण्णा, जावयालाबी कुणी एवढं जपत न्हाई.

कार्तिक वद्य २

घात झाला! चिटगुप्प्याच्या बाजारातून आलो तर सगळ्या वेलांचे शेंडे खुडलेले. एकही सोडलेला नाही. 

सासऱ्यानं सुनेशी समोरासमोर बोलायचं नसतं. बायको होती तेव्हा तिच्या तोंडून चालायचं. आता मी म्हशीकडे बघून बोलतो, गीता भिंतीकडे बघून उत्तर देते. वेलाचं काही तिला सांगितलंच नव्हतं. मी फुटवे खुडताना तिनं लांबून बघितलं असेल, बस्स. पण आज म्हैस चरायला गेलेली. सरळ तिलाच विचारलं.

"शेंडे कामून खुडलेस?"

तिनं पदर ओढला. "हरभऱ्याचे खुडतो की, मामंजी. खुडलं की दुप्पट फुटतंय. तुमचे गुडघे दुखायलेत म्हणून म्या केले."

 हरभरा माझ्या बापानंही तसाच खुडला. मी ताट तसंच सारलं. तिनंही ताट तसंच झाकून ठेवलं.

मार्गशीर्ष शुद्ध १

वेल मेले नाहीत. शेंडा होता त्याच्या खालच्या बगलेतून नवा कोंब निघालाय, काठी धरून वर चाललाय. खालची फळंही फुगलीत. गीतानं विचारलं, ह्यो ठिवायचा का? मी म्हटलं, हा ठेव, बाकीचे काढ. आता आम्ही सरळ बोलतो. ती म्हणाली, म्हशीच्या डोक्याचा ताप गेला बगा.

पुष्कळ दिवसांनी हसलो. मग दम लागला.

मार्गशीर्ष वद्य ५

पहिलं फळ लाल झालं. बघायला आम्ही दोघंच.

मार्गशीर्ष वद्य ११

पिराप्पा हैदराबादेत मेंढरं विकून आला. बंगल्याच्या फाटकात अंकुश भेटला म्हणे.

"येळवशीला येणं व्हत न्हाई म्हणायलाय, अण्णा. रजा न्हाई."

आणखी काय बोलला, मी विचारलं. तर टमाट्याचं विचारलं. किती उंच झाले, पाणी कोण घालतंय, सुकले तर नाहीत ना, पुन्हा पुन्हा तेच. मी हळूच म्हटलं, आणि गीताचं?

"न्हाई बा. तिचं नाव न्हाई काढलं."

आत भांडं वाजत होतं ते थांबलं. ऐकलं तिनं.

येळवस

शेतात कडब्याची खोप केली, पूजा केली. शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, आंबील, सगळं झालं. भज्जीत टमाटा टाकू का, गीतानं विचारलं. मी नको म्हटलं. वेलाकडे बघवत नाही. थकलो.

पौष शुद्ध २

अण्णाराव मोटारीनं आला. बहिणीला म्हणाला, गठुडं बांध. तिनं बांधून ठेवलंच होतं. म्हणाली, "माहेरी न्हाई, दादा. हैदराबादेला सोड मला. काय त्ये म्या तोंडावर इचारते त्येंला."

तो माझ्याकडे वळला. मी म्हटलं, ने. 

तिनं अर्धवट लाल झालेले टमाटे तोडले, टोपलीत कडब्याचा पाला अंथरून रचले. पाया पडली. पाणी बेतानं घाला म्हणाली, फळं तडकायलेत. मोटार गेली. धूळ बसेपर्यंत उभा होतो. चूल आज मीच पेटवली, धूरच फार झाला.

पौष शुद्ध ५

दुपारी अंकुश आला — पेटी डोक्यावर घेऊन. रजा मिळेना म्हणून नोकरीच सोडून आलाय. आता इथंच विहिरीवर बागायत करतो म्हणाला. वेलांकडे त्यानं मान वळवूनही बघितलं नाही. सरळ चुलीपाशी गेला, बाहेर आला. "अप्पा, ती कुठंय?"

पिराप्पासारख्या वडीलधाऱ्यापुढं तो बायकोचं नाव कसं काढणार होता? मी तरी माझ्या बायकोचं कधी काढलं? एवढं मला कळू नये!

तुलाच गाठायला हैदराबादेला गेली म्हटलं, तर पाणीसुद्धा न पिता तो तसाच उलटा तिकडे पळाला. तो नसताना त्या फाटकात तुम्हांला कोण ओळख देईल? गीता, अण्णाराव, असाल तिथंच थांबा. येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाच्याही हाती निरोप धाडा. लवकर धाडा.