शेंदराखालची गाय

४ जाने., रवि.
वीरगळ निधीची पावतीपुस्तकं उल्हासनगरहून आणली. छापखानेवाला म्हणतो, "सर, पत्थर के लिए चंदा? देवाच्या नावाने मागा, पटकन मिळेल." आवाहनाखाली नाव माझं एकट्याचं. चित्रकलेच्या रिटायर्ड मास्तरवर लोक एवढा विश्वास टाकतात, मलाच धास्ती वाटते.

११ जाने.
बारवी धरणाकडे जाऊन आलो. तिथल्या बळीराम शेतकऱ्याच्या बांधावर वीरगळ तसाच आडवा, झिजत चाललेला. खालच्या पट्टीत पळवून नेलेल्या गाई, त्यातली एक मागे वळून बघते. तिच्यासाठीच हा खटाटोप. वर शेड, भोवती कठडा, बस्स.
पहिली वर्गणी बळीरामनेच दिली. "पावती नको सर. दगड आमचाच हाय." पावती नको म्हणणारा माणूस मला पचत नाही. त्यात शेजारचं शेत फार्महाऊसवाल्याने घेतलंय.

१८ जाने.
वीरगळ नाही! जागेवर नुसता खळगा. बळीरामचा फोन बंद. त्याची बायको म्हणे, "मना काय ठाव नाय." नजर देईना. विकला मेल्याने. कुणाच्या तरी लॉनवर उभा राहणार.
सौ. म्हणाली, आधी विचारा, मग बोंबला. तरी देणगीदारांच्या ग्रुपवर लिहिलंच: घरातल्यानेच चोरी केली. नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती.

२० जाने.
बळीरामचा फोन. "या सर, बघा तुमचा दगड."
त्याच्या अंगणात विटांचा चौथरा. बोटभर जाड शेंदूर, चांदीचे डोळे, झेंडूचा हार. गाव जमलेलं.
"फार्महाऊसवाला दोनदा इचारून गेला. दगड कोन पन उचलतो सर. देवाला कोन हात लावल?"
शरमलो. आणि लगेच मनात, आत आपलाच दगड कशावरून? उंची तेवढीच वाटते. वाटते. खरवडून बघायचं तर अख्ख्या गावासमोर...
नारळ ठेवताना खाली बोट दाबून बघितलं. उंचवटा लागला. गाय असेल. शेंदराचा गोळाही असेल.

२१ जाने.
ग्रुपवर सकाळपासून एकच: सापडला का? फोटो टाका. फोटो आहे. पण बळीरामवरचा आळ मागे घ्यायचा म्हणजे हाच तो दगड, असं माझ्या नावाने सांगायचं. तीनदा टाइप केलं, तीनदा पुसलं.
सौ.ला नखातला शेंदूर दिसला. "देवळात गेला होतात?"
हो म्हटलं.