बाबांच्या ताटातलं गवत

ती. ताईला,

धाकट्या भावाचा नमस्कार. नमस्कार नेहमीसारखा वाकूनच केला आहे, फक्त वाकताना दातओठ खात होतो, ते कागदावर दिसत नाही म्हणून लिहून कळवतो. तू बरी असशील. मेहुण्यांची पाठ आता दुखायची थांबली असेल. तुमच्याकडे टेकडीवर संध्याकाळी अजून अंगावर काहीतरी घ्यावं लागतं म्हणे. (घ्या. इथे आम्हाला अंगावरची कातडीसुद्धा काढून खुंटीला टांगावीशी वाटते.) आमच्या स्वयंपाकघरावर पत्रा आहे हे तुला ठाऊक आहे. दुपारी तिथे गॅस पेटवला तर भांड्यातलं आधी शिजेल की ढवळणारा, हे सांगता येत नाही. असो. चौकशी संपली, आता भांडतो.

काल तू फोनवर तुझ्या भावजयीला (मला नाही, माझं नाव निघताच तू म्हणे "त्याला देऊच नकोस" म्हणालीस) ठणकावून सांगितलंस, की तुम्ही बाबांना गवत खायला घालता, मी रविवारी गाडी घेऊन येते आणि त्यांना कायमची माझ्याकडे नेते. गवत! हा शब्द ऐकला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, ती अजून तिथेच आहे. मी लगेच उलटा फोन करणार होतो. पण आपल्या घराच्या भिंती तुला माहीत आहेत. आम्ही इकडे कुजबुजलो तरी पलीकडून बाबा "मोठ्याने बोल, नीट ऐकू येत नाही" म्हणतात. म्हणून हे पत्र लिहून तुमच्याकडे येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतो आहे. (हा ड्रायव्हर शाळेत बाबांच्या कवायतीच्या तासाला होता. अजूनही रस्त्यात बाबा दिसले की स्टिअरिंग सोडून सावधानमध्ये येतो. पत्र पोचेल, बसचं सांगता येत नाही.)

आता मला एवढंच सांग, की हे गवत कोणी काढलं? उन्हाळा लागला, बाबांनी पोळीभाजीचं ताट बाजूला सारायला सुरुवात केली, दोन घास खाऊन "विश्राम" म्हणून उठायला लागले, तेव्हा मी तुला काळजीने कळवलं. तू काय केलंस? यायचं सोडून मेसेज पाठवलेस! उन्हात गरम जेवण जात नाही, ताज्या भाज्या चिरा, गार करा, सॅलड द्या, ताटात रोज नवा रंग दिसला पाहिजे. एकामागून एक मेसेज येत होते. तुझी भावजय दिवसभर पोस्टाच्या काउंटरवर लोकांची बोलणी खाऊन येते, तिला रंग बघायला फुरसत नाही. म्हणून हे सॅलडखातं माझ्या गळ्यात पडलं. वर तुझंच म्हणणं, की तो हॉस्पिटलात रोज लोकांच्या जखमा साफ करून पट्ट्या बांधतो, त्याला काकडी कापायला काय झालं? ताई, अर्ध्या गावाचे गुडघे मी बांधले आहेत, एकाही गुडघ्याने मला काकडीइतका त्रास दिला नाही. गुडघा निदान कडू निघत नाही.

पहिल्या दिवशी मी कोपरापर्यंत हात धुऊन बसलो. काकडीचं टोक कापून फेस येईपर्यंत चोळलं, चव बघितली, पुन्हा चोळलं, पुन्हा चव बघितली. (चव बघता बघता एक काकडी संपली. तिला कडू म्हणायचं की नाही हा प्रश्नच उरला नाही.) गाजर किसलं, त्यासोबत बोटही थोडं किसलं, टोमॅटोच्या चकत्या केल्या, कोबी इतका बारीक चिरला की पंखा लावल्यावर तो निम्मा शेजाऱ्यांकडे गेला. सगळं स्टीलच्या ट्रेमध्ये ओळीने मांडून बाबांपुढे ठेवलं. बाबा हात मांडीवर ठेवून शांत बसले. मी म्हटलं, घ्या ना. तर म्हणाले, होऊ दे, मला घाई नाही. हे शिजायला जाणार आहे अशीच त्यांची समजूत होती! ज्या माणसाने पोरांच्या तीन पिढ्या मैदानावर कच्च्या खाल्ल्या, तो एक गाजर कच्चं खाईना.

मग तुझा हुकूम आला, की हिरवी पानं घाला, पण धुऊन कोरडी करा, ओली पानं ताटात पाणी सोडतात. कोरडी कशी करायची ते तू लिहिलं नाहीस. पंख्याखाली ठेवली तर उडाली. पंच्याने टिपली तर चुरगळली. शेवटी मी माझ्या धंद्याला जागलो. जाळीदार पट्टीच्या कापडात पानं बांधली, पोटली केली आणि खिडकीच्या गजाला टांगली. खाली इस्त्रीवाला सकाळीच कुणाचा तरी लग्नाचा शर्ट घेऊन बसला होता. थेंब नेमके त्या शर्टावर. तो वर बघतो तर पट्टी बांधलेलं काहीतरी खिडकीत लटकतंय. त्याने मला जे सुनावलं ते मी तुला लिहिणार नाही, तू माझ्यापेक्षा मोठी आहेस. त्यातलं निम्मं तुला उद्देशून होतं, एवढं लक्षात असू दे.

आणि आता ते ड्रेसिंग. तू मेसेज केलास, की सॅलडवर घालायचं ड्रेसिंग आधीच करून बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवा. तेल, लिंबू, मध, मीठ, वरून मिरपूड. तुझ्या भावजयीने ते केलं. घरातली एकुलती एक झाकणाची बाटली मी हॉस्पिटलातून रिकामी आणलेली, तपकिरी काचेची. तिने ती उकळत्या पाण्यातून काढली, भरली आणि पोस्टातल्या आपल्या सुवाच्य अक्षरात वर चिठ्ठी चिकटवली, "ड्रेसिंग". मला काही सांगितलं नाही. का सांगावं? तिच्या डोक्यात सॅलड. त्याच दिवशी बाबा पलंगाच्या कोपऱ्याला अडखळले आणि नडगी खरवडली. मी कामावरून आलो तो ते पाय वर करून बसलेले. मी बॅग शोधतोय, औषध सापडत नाही, तुझी भावजय आंघोळीला गेलेली. मी बाहेरून ओरडलो, अगं, ड्रेसिंगचं कुठे आहे? आतून उत्तर आलं, "फ्रीजमध्ये, बाटलीवर लिहिलंय!" आता तूच सांग. जो उभ्या आयुष्यात ड्रेसिंग या शब्दाचा एकच अर्थ शिकला, त्याने काय करायचं? मी मनात म्हटलं, उन्हाळ्यात औषध थंड जागी ठेवलं, बायको सुधारली. कापूस भिजवला, हलक्या हाताने (माझा हात हलका आहे, सगळे म्हणतात) नडगीवर चांगला दाबून धरला.

लिंबू, मीठ आणि मिरपूड, ताई. उघड्या जखमेवर.

बाबांनी गळ्यातली शिट्टी काढून वाजवली. ते ओरडले नाहीत, शिट्टीच वाजवली, श्वास संपेपर्यंत. इस्त्रीवाला, त्याचं गिऱ्हाईक, समोरच्या घरातली मास्तरीणबाई आणि दोन अनोळखी माणसं जिन्यात येऊन उभी राहिली. तुझी भावजय ओल्या केसांनी बाहेर आली, बाटली बघितली आणि माझी समजूत काढायची सोडून भिंतीला टेकून हसत सुटली. मी जखम धुतली, खरं औषध लावलं, पट्टी बांधली. पण मध कुठेतरी राहिलाच असणार, कारण थोड्या वेळाने पलंगाच्या पायावरून मुंग्या चढायला लागल्या. मी झटकायला गेलो तर बाबांनी मला थांबवलं. म्हणाले, रांग बघ, एकीचंही पाऊल चुकत नाही.

पुढचं नीट वाच, कारण माझ्या रागाचं मूळ इथे आहे. या सगळ्या गोंधळात बाबांनी नडगीवरून ओघळलेलं ते रसायन बोटाने पुसलं आणि बोट तोंडात घातलं. थोडा वेळ विचार केला. मग मला म्हणाले, "हे चांगलंय की! हे त्या पाल्याला का नाही लावत?" त्या दिवसापासून, ताई, तुझे बाबा सॅलड खातात. खातात म्हणजे हादडतात. सकाळी वाटीभर, दुपारी ताटभर, वर वाटी वाकडी करून तळाचं ड्रेसिंग पितात. मुळा, कांदा, ढोबळी मिरची, काही म्हणून सोडत नाहीत. पट्ट्याचं एक भोक पुढे सरकलं आहे. बीट तर इतकं खाल्लं की दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममधून पुन्हा शिट्टी. बघतो तर सगळं लाल! मी, हॉस्पिटलात केस पांढरे केलेला माणूस, रक्तच समजलो. त्यांना रिक्षात घातलं, सगळ्यांच्या पुढे नेऊन डॉक्टरांसमोर उभं केलं. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, काल काय खाल्लं? बाबा सावधानमध्ये उभं राहून म्हणाले, "बीट, साहेब." त्या दिवसापासून कामावर मला कोणी नावाने हाक मारत नाही. वॉर्डातल्या सिस्टरसुद्धा "बीटवाले, पट्टी आणा" म्हणतात.

आणि हा माणूस, माझी अब्रू चव्हाट्यावर मांडून, पोट भरून, ओठ पुसून तुला फोनवर सांगतो की मला इथे गवत खायला घालतात! आणि तू ते खरं मानतेस! एका शब्दाने मला विचारलं नाहीस! हात माझे सोलले, बोट माझं कापलं, हसं माझं झालं, आणि खापरही माझ्याच डोक्यावर. तू लांब टेकडीवर गार वाऱ्यात बसून अंगठ्याने मेसेज टाइप केलेस, तू गुणाची लेक. मी रोज त्यांच्यासाठी उकाड्यात कोबी चिरला, मी गवतवाला. मला राग आला आहे, ताई, आणि राग आला आहे म्हणण्यापेक्षा वाईट वाटलं आहे, पण वाईट वाटलं असं लिहिलं तर तू लगेच विरघळशील आणि मला ते नको आहे. मला भांडायचं आहे.

तेव्हा ये. अवश्य ये आणि ने त्यांना. मी बॅग भरून दाराशी ठेवतो. शिट्टीही घेऊन जा. मी मध्ये पडणार नाही, एक शब्द बोलणार नाही, जिन्यापर्यंत पोचवायलाही येणार नाही. तुमच्याकडे गार हवेत त्यांना गरमागरम काय हवं ते करून घाल. मी त्या दिवसापासून घरात काकडी आणणार नाही.

तुझा,
(गवत खायला घालणारा) भाऊ

ता. क. एक राहिलं. बाबांचे पांढरे बूट टाच बसवायला दिले आहेत आणि चांभार रविवारी दुकान उघडत नाही. बुटांशिवाय ते बाहेर पडत नाहीत हे तुला माहीत आहे. शिवाय तुमच्याकडची हवा त्यांना मानवेल असं मला मुळीच वाटत नाही. त्यांचा खोकला गारठ्यात उसळतो. नडगीची पट्टीसुद्धा अजून बदलावी लागते, आणि तिला ते दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. हे सगळं फक्त माहितीसाठी कळवलं. माझं म्हणणं काही नाही.

दुसरा ता. क. पाकीट बंद करणार, इतक्यात बाबा वाटी घेऊन आले. आजचं सॅलड अजून थोडं मिळेल का विचारायला. माझा तोल गेला. मी चढ्या आवाजात विचारलंच, चाटूनपुसून खाता आणि ताईला गवत म्हणून का सांगता? माझ्यावर का उठलात? त्यांनी वाटी ओट्यावर ठेवली. मग म्हणाले, "छान चाललंय म्हटलं की ती फोन ठेवते रे."

मी त्यांची वाटी भरली. ते पुढे म्हणाले, की ती आली तरी मी जाणार बिणार नाही, हे माझं घर आहे. पण हे तिला आत्ताच कळवू नकोस, नाहीतर यायची नाही.

शेवटचा ता. क. मी कळवलं. आता मी तुला कळवलंय हे त्यांना कळू देऊ नकोस. रविवारी ये, आणि चांगली रागावून ये. जिन्यातूनच आवाज चढव. मला त्यांच्यासमोर हवं ते बोल, गवतवाला म्हण, मीही तुला सोडणार नाही, इस्त्रीवाला वर आला तरी थांबू नकोस. ते नाही म्हणतील, तू हट्ट धर. ते ऐकणार नाहीत, तू दुसऱ्या दिवशी पुन्हा समजवायला बस. त्या हिशोबाने कपडे जरा जास्तच आण. आणि गाडीवाल्याला मात्र थांबायला सांगू नकोस.