पावातलं पिठलं

रविवार संध्याकाळ, बेहाला

संक्रांतीचं हळदीकुंकू आत्ता आटोपलं. भांडी तशीच पडलीत, पण आधी हे लिहिते.

गेल्या वर्षी बागबाजारच्या शोभावहिनींनी माझा पालक-चीज भरलेला गोल पाव बघून सगळ्यांसमोर विचारलं होतं, "हे काय गं, पावात पिठलं?" इथल्या मराठी मंडळातल्या झाडून सगळ्या बायका हसल्या. वर्षभर मी 'पिठलंवाली'.

आज मुद्दाम तोच केला. पाव कोरला, लसूण, पालक, चीज ठासून भरलं, कापलेली टोपी वर ठेवून ओव्हनमध्ये भाजला. टोपी उचलली आणि घर घमघमलं. वहिनींनी आधी तुकडे बुडवून खाल्ले, मग चक्क पावाची भिंतच मोडली. हनुवटीला चीज चिकटलेलं. मग हळूच म्हणतात, "जावई यायचेत गं, रेसिपी दे ना."

मी मोठ्याने म्हटलं, "अहो वहिनी, पिठलंच ते! तुम्हाला येतंच की."

हशा पिकला. त्याही हसल्या. हनुवटीवरचं चीज तसंच. सांगायला हवं होतं का? संक्रांतीला गोड बोलायचं असतं ना? बोललेच की. "वहिनी, तुम्ही मधोमध उभ्या राहा," म्हटलं, आणि फोटो काढला.

आत्ताच मंडळाच्या ग्रुपवर टाकला.